जंतूला जात नाही, मग गटारात उतरणाऱ्याला का?

जुन्नर तालुका म्हणजे बौद्ध लेण्यांचा तालुका. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी आणि शिवनेरीचा डोंगर मिळून येथे दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. या लेण्यांच्या बाजूला खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. शिलालेखांत त्यांना 'पोढी' असे नाव आहे. इरिल नावाच्या एका यवनाने, म्हणजे परमुलखातून आलेल्या माणसाने, दोन पोढ्या दान दिल्याची नोंद जुन्नरच्या शिलालेखात आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या या भूमीत परका माणूस पाण्याचे टाके दान देत होता आणि तथागतांचा संघ ते दान आनंदाने स्वीकारत होता. त्या पाण्याला विटाळ झाला नाही!

त्याच महाराष्ट्रात २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर आपल्या हजारो बांधवांसह पाणी प्यायले, तेव्हा काय झाले? सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांच्या १०८ घागरी तळ्यात ओतून ते 'शुद्ध' केले. हा इतिहास आपल्या लेकरांनाही पाठ आहे. परंतु या घटनेची एक बाजू आपण फारशी बोलत नाही. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्याच्या तळ्यांच्या पाण्यात कॉलऱ्याचा जंतू दाखवून दिला होता. म्हणजे पाणी कशाने घाण होते हे महाडच्या ४३ वर्षे आधी जगाला कळले होते. पाणी शेणाने घाण होते, मैल्याने घाण होते. माणसाच्या ओंजळीला जात असते म्हणून घाण होत नाही. तरीही महाडच्या शहाण्यांनी माणसाच्या स्पर्शाला विटाळ ठरवले आणि शेणाला शुद्धी! त्या दिवशी चवदार तळे खऱ्या अर्थाने बाटवले ते कोणी, याचे उत्तर सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही देईल.

म्हणूनच सूक्ष्मजीवशास्त्र हा आमच्या दृष्टीने केवळ प्रयोगशाळेचा विषय नाही. ज्या समाजाला हजारो वर्षे 'घाण' या एका शब्दाने गावकुसाबाहेर ठेवले, त्या समाजाने घाण म्हणजे काय हे विज्ञानाकडून समजून घेतलेच पाहिजे. आज याच शास्त्रातील एका मराठी प्राध्यापकाच्या कामाची ओळख वाचकांना करून द्यायची आहे. ते प्राध्यापक म्हणजे डॉ. बाळू आनंदा चोपडे.

डॉ. चोपडे पुणे विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राध्यापक होते. २०१४ ते २०१९ या काळात ते औरंगाबादच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू होते. ज्या नावासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत सोळा वर्षे भीमसैनिकांनी रक्त सांडले, त्या नावाच्या विद्यापीठाच्या कुलगुरूपदी आयुष्यभर जंतूंचा अभ्यास केलेला माणूस बसला, ही लहान गोष्ट नव्हे. कुलगुरू म्हणून त्यांच्या कारभाराचा हिशेब मांडणे हा आजचा विषय नाही. आज बोलायचे आहे ते त्यांच्या संशोधनाबद्दल.

या संशोधनाची सुरुवात इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे झाली. १९८५ साली त्यांचा एक शोधनिबंध तेथील सहकाऱ्यांसह प्रसिद्ध झाला. विषय होता 'ॲसिनेटोबॅक्टर' नावाचा जिवाणू आणि त्याच्या पेशीतील प्लाझ्मिड. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूच्या पेशीत असलेले जनुकांचे एक छोटे कडे. हे कडे एक जिवाणू दुसऱ्याला देऊ शकतो. एका जिवाणूने औषधाला दाद न देण्याची युक्ती मिळवली, तर ती युक्ती तो शेजाऱ्याला वाटून टाकतो! आपल्या संघटनांतील गटातटांनी यातून काही शिकावे, असे मनात येते. पण ते असो.

हा ॲसिनेटोबॅक्टर जिवाणू मातीत असतो, पाण्यात असतो, पिकाच्या मुळाशी असतो आणि धडधाकट माणसाच्या कातडीवरही असतो. डॉ. चोपडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुण्यात बसून जवळजवळ याच एका जिवाणूचा पिच्छा तीन दशके पुरवला. गव्हाच्या मुळाजवळच्या मातीतून काढलेले ॲसिनेटोबॅक्टर पिकाच्या वाढीला मदत करणारे द्रव्य तयार करतात, असे त्यांच्या गटाने २००२ साली दाखवले. निरोगी आदिवासी बांधवांच्या त्वचेवर याच्या कोणकोणत्या जाती राहतात याचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. फोटो धुण्याच्या सांडपाण्यात चांदी वाहून जाते. ती चांदी या जिवाणूच्या मदतीने पाण्यातून काढता येते, असे त्यांनी १९९९ साली मांडले. ब्राह्मणाची कातडी असो की महाराची, तिच्यावर जंतूंचे बिऱ्हाड आहेच. ज्याला स्पर्शाचा विटाळ वाटतो, त्याने आधी स्वतःच्या हातावर किती कोटी जीव नांदतात ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे!

या कामातील सर्वांत महत्त्वाचा धागा १९९३-९४ सालच्या संशोधनात सापडतो. डॉ. चोपडे यांनी देशपांडे, ढाकेफळकर या संशोधकांबरोबर असे दाखवले की, ज्या जिवाणूंना चांदी, पारा अशा जड धातूंचा त्रास होत नाही, त्यांच्यात औषधांनाही दाद न देण्याची ताकद पुष्कळदा बरोबरच असते. याचा अर्थ सोपा आहे. कारखान्याचे सांडपाणी नदीत सोडले तर केवळ मासे मरत नाहीत. त्या पाण्यात असे जंतू तगतात की ज्यांच्यावर उद्या दवाखान्यातील औषध चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्वाधिक धोक्याच्या जंतूंची यादी काढली, तेव्हा बड्या औषधांना न जुमानणारा ॲसिनेटोबॅक्टर बाउमनी तिच्यात सर्वांत वरच्या गटात होता. २०२४ च्या नव्या यादीतही तो वरच्याच गटात आहे. सरकारी दवाखान्याच्या अतिदक्षता विभागात या जंतूने गाठलेला रुग्ण बहुधा कोणत्या वस्तीतून आलेला असतो, हे वाचकांना सांगायला नको. महागडे औषध विकत घेण्याची ऐपत नसलेल्यालाच जंतूची ताकद पहिल्यांदा कळते.

हा जंतू एवढा चिवट कशामुळे? एक कारण प्लाझ्मिड. दुसरे कारण म्हणजे बायोफिल्म.

बायोफिल्म हा शब्द अवघड वाटला तरी वस्तू आपल्या रोजच्या पाहण्यातली आहे. मोरीच्या दगडावर पाय घसरतो तो बुळबुळीत थर म्हणजे बायोफिल्म. रांजणाच्या आतल्या बाजूला बोट फिरवले की चिकट लागते तो थर, सकाळी उठल्यावर दातांवर जाणवतो तो थर, हे सारे बायोफिल्मच. नारायणगाव परिसरातील टोमॅटो आणि द्राक्षाच्या बागायतदाराला विचारा, तो सांगेल की ठिबकच्या नळ्या आतून बुळबुळीत होतात, तोट्या बंद पडतात आणि मग आम्ल किंवा क्लोरीन सोडून नळ्या धुवाव्या लागतात. ती नळी बंद पाडण्यात मोठा वाटा या बायोफिल्मचा असतो.

जिवाणू एकटा पाण्यात तरंगत असतो तेव्हा तो दुबळा असतो. ओल्या पृष्ठभागावर तो चिकटला की स्वतःभोवती साखरेसारख्या चिकट पदार्थाचे आवरण तयार करतो. शेजारी येतात, वस्ती वाढते, थरावर थर चढतात. ते एकमेकांना रासायनिक निरोप देतात. वरचा थर खालच्याचे रक्षण करतो. अशा वस्तीतील जिवाणू मोकळ्या जिवाणूपेक्षा शेकडो पटींनी जास्त औषध पचवू शकतो. कॅनडातील शास्त्रज्ञ विल्यम कॉस्टर्टन यांनी १९७८ साली जगाचे लक्ष या गोष्टीकडे वेधले. त्याआधी शास्त्रज्ञ बाटलीत सुटे वाढवलेले जंतूच पाहत होते. जंतू निसर्गात राहतात कसे, हे पाहायचे राहून गेले होते. पुढे डॉ. चोपडे यांच्या गटानेही चित्रकाच्या मुळापासून चांदी-सोन्याचे अतिसूक्ष्म कण बनवून बायोफिल्म कशी रोखता येते यावर २०१४ साली संशोधन प्रसिद्ध केले.

आता मुद्द्यावर येऊ. ही बायोफिल्म सर्वांत जाड कोठे वाढते? गटाराच्या नळात आणि मैल्याच्या टाकीत. तेथे ती माणूस मारते.

हे कसे घडते ते नीट समजून घ्या. गटाराच्या भिंतीवर आणि तळाच्या गाळात जंतूंचा जाड थर बसतो. थराच्या वरच्या भागातील जंतू हवेतला प्राणवायू संपवून टाकतात. आतल्या भागात प्राणवायू पोचत नाही. तेथे राहणारे जंतू श्वसनासाठी प्राणवायूऐवजी सल्फेट वापरतात. लघवीत, साबणाच्या पाण्यात सल्फेट भरपूर असते. या सल्फेटपासून ते हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू बनवतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हाच. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, गाळात अडकून राहतो. माणूस आत उतरला आणि त्याने पाय किंवा फावडे गाळात घातले की एकदम मोकळा होतो. थोड्या प्रमाणात असताना वास येतो. परंतु प्रमाण वाढले की हा वायू नाकाची शक्तीच मारून टाकतो. उतरणाऱ्याला वाटते, वास गेला, धोका टळला. प्रत्यक्षात त्याच क्षणी मृत्यू जवळ आलेला असतो! आणखी प्रमाण वाढले तर दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. भाऊ भावासाठी उतरतो, बाप मुलासाठी उतरतो, आणि एका टाकीतून तीन-तीन प्रेते बाहेर निघतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी येतात: 'गुदमरून मृत्यू.' तोंडाला रुमाल बांधून हा वायू थांबत नाही. दारू पाजून तर मुळीच थांबत नाही; उलट माणसाची शुद्ध आधीच कमी होते.

म्हणजे या मृत्यूचे कारण विज्ञानाला नेमके माहीत आहे. कोणता जंतू, कोणता वायू, किती प्रमाणात, किती वेळात, सारे माहीत आहे. वायू मोजण्याचे हातात मावणारे यंत्र बाजारात मिळते. मैला उपसणारी गाडी मिळते. मग हा अपघात कसा? हा अपघात नव्हे! ही माहिती असूनही वापरली जात नाही, कारण मरणारा माणूस कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. केंद्र सरकारच्या 'नमस्ते' योजनेत गटारे आणि मैल्याच्या टाक्या साफ करणाऱ्या सुमारे ३८ हजार कामगारांची नोंद झाली, तिची आकडेवारी २०२४ साली बाहेर आली. त्यात सुमारे ९२ टक्के कामगार अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गातील निघाले. एकट्या अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के. जंतूला जात नाही. वायूला जात नाही. पण त्या वायूसमोर कोणाला उभे करायचे हे मात्र जात ठरवते. मनुस्मृती बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी जाळली; तिची राख अजून गटाराच्या झाकणाखाली धगधगते आहे.

कायदा नाही असे नाही. १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली आणखी कडक कायदा झाला. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ही रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढली, मरणे थांबले नाही. भरपाई मरणानंतर मिळते, ज्ञान मरणाआधी उपयोगी पडते. आमच्या माणसाला भरपाई मिळावी म्हणून आपण मोर्चे काढले आणि ते काढलेच पाहिजेत. पण त्याला ज्ञान मिळावे म्हणून आपण काय केले?

नारायणगावचे उदाहरण घ्या. पुणे-नाशिक रस्त्यावरचे हे गाव टोमॅटोच्या बाजारामुळे आणि तमाशाच्या फडांमुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे. शेजारच्या खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. एकूण ३० तबकड्या आकाशातून कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी टिपतात. देशाच्या विज्ञानाचे हे वैभव आहे आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे. परंतु याच परिसरात सोसायट्या, लॉज, मंगल कार्यालये वाढली आणि प्रत्येकाखाली मैल्याची एक टाकी आली. आकाशातील लहर मोजणाऱ्या या पट्ट्यात त्या टाकीतील वायू मोजणारे साधे यंत्र किती ग्रामपंचायतींकडे आहे? हा प्रश्न ग्रामसभेत कोणी विचारला आहे काय? विचारला नसेल तर तो आपणच विचारायचा आहे. कारण संशोधनाचा आणि कारभाराचा प्रश्न काय असावा, हे प्रश्न विचारणारा कोण आहे त्यावर ठरते. ज्याच्या घरातला कोणी कधी टाकीत उतरला नाही, त्याला टाकीचा प्रश्न सुचणार कसा?

येथेच आपल्या लेकरांच्या शिक्षणाचा मुद्दा येतो. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, ते कला आणि विज्ञान दोन्ही शाखांचे. विज्ञानाशिवाय आपली सुटका नाही हे त्या महामानवाने ओळखले होते. आपण मात्र मुलाला बारावी विज्ञान करून डॉक्टर-इंजिनिअर तरी करतो, नाहीतर स्पर्धा परीक्षेच्या रांगेत उभे करतो. अधिकारी व्हावे, जरूर व्हावे. पण सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, पर्यावरणशास्त्र यांत एम.एस्सी., पीएच.डी. करणारी मुले आपल्या वस्त्यांतून किती निघतात?

निघतात त्यांची वाट कशी अडवली जाते तेही पाहा. रोहित वेमुलाला विज्ञानावर लिहिणारा लेखक व्हायचे होते. हैदराबाद विद्यापीठात त्याने संशोधनाची सुरुवात जीवशास्त्रातूनच केली होती. १७ जानेवारी २०१६ रोजी त्याचा बळी गेला. आपल्या महाराष्ट्रात बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थ्यांना २०२२-२३ मध्ये आझाद मैदानावर ठाण मांडून बसावे लागले. डॉ. चोपडे यांचा एका जिवाणूवरील अभ्यास तीस वर्षे चालला, हे वर आपण पाहिले. संशोधन असेच चालते. दहा नमुने फुकट जातात, अकरावा बोलतो. ज्याची शिष्यवृत्ती सहा-सहा महिने थकते, त्याने अकराव्या नमुन्यापर्यंत तग कसा धरायचा? घरच्या श्रीमंतीवर संशोधन करणारा टिकतो आणि आमचा मुलगा दुसऱ्या वर्षी नोकरी शोधतो. मग म्हणायचे, 'यांच्यात गुणवत्ता नाही!'

तेव्हा वाचकहो, केवळ हळहळ करून भागणार नाही. काही कामे आपल्या हातातली आहेत.

पहिले, प्रत्येक ग्रामसभेत आणि नगरपालिकेत लेखी मागणी करा: मैल्याच्या टाकीत आणि गटारात माणूस उतरवणार नाही असा ठराव, मैला उपसण्याची गाडी आणि वायू मोजण्याचे यंत्र. ज्याच्या घरची, लॉजची किंवा कार्यालयाची टाकी आहे त्याने माणूस उतरवला तर गुन्हा नोंदवायला लावा. कायदा २०१३ चा आहे. तो वाचून सोबत ठेवा.

दुसरे, आपल्या वस्तीतील पाण्याची टाकी तपासा. टाकीच्या आत बुळबुळीत थर असेल तर वरून नुसती टीसीएल पावडर टाकून उपयोग होत नाही. क्लोरीन वरच्या थरातच संपते आणि आतले जंतू जिवंत राहतात. आधी टाकी घासून धुवायची, मग पावडर. पाण्यात मैल्याचे जंतू आहेत काय हे पाहण्यासाठी आपल्याच देशातील शास्त्रज्ञांनी १९८२ साली एक साधी बाटली शोधून काढली. पाणी भरून उबदार जागी ठेवायचे. काळे पडले तर ते पिण्याचे नाही. काळे करणारा तो पुन्हा हायड्रोजन सल्फाइडच! गटारात जीव घेणारा वायू येथे आपल्याला सावध करतो. ही बाटली आरोग्य केंद्राकडे मागा, आणि महिला मंडळांनी, युवक मंडळांनी स्वतः तपासणी करा.

तिसरे, १४ एप्रिलच्या जयंतीच्या वर्गणीतून प्रत्येक मंडळाने एक सूक्ष्मदर्शक विकत घ्यावा. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यापेक्षा तो स्वस्त पडेल. विहाराच्या खोलीत तो ठेवा. तळ्याच्या पाण्याचा थेंब, दातावरचा थर मुलांना त्याखाली दाखवा. विटाळ नावाची वस्तू त्या भिंगाखाली कोठेच दिसत नाही, हे मुलाने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की कोणत्याही भटजीचे पुराण त्याला भुलवू शकणार नाही.

गटारात उतरणाऱ्या बापाचा मुलगा उद्या त्याच गटारातील जंतूंवर पीएच.डी. करील, त्याने बनवलेल्या उपायामुळे कोणाचाच बाप आत उतरणार नाही, असा दिवस आणणे हे आंदोलनाचे काम आहे. ते काम प्रयोगशाळेत बसूनही करायचे आहे आणि रस्त्यावर उतरूनही.

जय भीम!